बोलकी शेळी

त्या व्हिडिओ गेमवर कार्टून मालिका येणार आणि तिची पार्श्वभूमीची चित्रं आमच्या नोएडाच्या स्टुडिओत रंगवली जाणार, हे कळलं तेव्हा मी जागेवरून उठले, पँट्रीत गेले आणि नळाखाली तोंड धुऊन आले. इतकी वर्षं आम्ही परदेशातल्या मालिकांसाठी गवत, भिंती आणि ढग रंगवत होतो. ते कोणाच्या गोष्टीतले आहेत हे आमच्यात कुणी धड विचारतही नसे. आता त्या गेममधली दरी मला रंगवायला मिळणार होती, आणि ती मला पाठ होती.

पुण्याहून नोकरीसाठी दिल्लीत आले तेव्हा मी मुनिरकात एका खोलीत राहायचे. सोबत लातूरकडच्या एका तालुक्याच्या गावातून आलेली मुलगी होती. ती कलेक्टर व्हायला आली होती, म्हणजे त्या परीक्षेची तयारी करत होती. आमच्या खिडकीबाहेर हात लांब केला की पुढच्या इमारतीची भिंत लागायची, त्यामुळे भर दुपारीसुद्धा दिवा लावावा लागे. गेम मी घेतला होता तो त्यातल्या रंगांसाठी. तिनं जन्मात कधी गेम खेळलेला नव्हता. एका रविवारी डबा खाऊन झाल्यावर ती म्हणाली, "दे जरा इकडे, डोकं पार बधिर झालंय." त्यानंतर लॅपटॉप माझा असला तरी रविवारची दुपार तिची झाली.

गेममध्ये एक मुकी मुलगी होती आणि दोरीला बांधलेली तिची शेळी. पुरात बुडालेल्या दरीतून ती आपलं गाव शोधत जाते. मारामारी नाही, शत्रू नाही. वाट पाण्याखाली गेली की बांधावर बसायचं आणि पाणी ओसरायची वाट बघायची. कुठलंही बटण दाबून ते लवकर ओसरत नसे. मुलगी बसली की शेळीही शेजारी पाय मुडपून बसायची. बगळे येत, उजेड बदलत जाई आणि मग हळूहळू कुणाच्या तरी घराचं कौल वर दिसायला लागे. काही लोक या थांबण्यावर वैतागायचे, पण त्याच थांबण्यामुळे गेम जगभर गाजला.

तिच्या दुसऱ्या प्रयत्नाचा निकाल लागला, यादीत तिचं नाव नव्हतं. त्या दुपारी तिनं लॅपटॉप उघडला, मुलीला बांधावर बसवलं आणि गुडघ्यावर हनुवटी टेकून बघत राहिली. मी शेजारी बसले. तिची समजूत काढायला गेले असते तर काहीतरी फालतू बोलले असते, म्हणून गप्प राहिले. संध्याकाळपर्यंत पाणी उतरलं आणि शाळेचं छप्पर वर आलं. तेव्हा ती उठली, चहा ठेवला आणि पुन्हा पुस्तकं काढून बसली.

पुढचे प्रयत्नही गेले. शेवटी ती गावी परतली, लग्न झालं, मुलगी झाली. मी द्वारकेला एका सोसायटीत राहायला गेले. मेट्रोच्या ब्लू लाइननं शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रोज ये-जा करू लागले. फोन होत राहिले, तेही हळूहळू कमी झाले.

मालिकेची बातमी कळल्यावर मी पहिला फोन तिलाच केला. बाकी काही सांगायची मला परवानगी नव्हती, तसं लिहून घेतलं होतं. तिलाही ते समजलं. तिनं एवढंच विचारलं, "ती बांधावर बसते ना पण?" मी म्हटलं, बसणारच, त्याशिवाय राहतं काय.

बांधाचा प्रसंग मी मागून घेतला. संध्याकाळपासून सकाळपर्यंत बदलत जाणारं पाणी काढलं, आधी गढूळ, मग शिशाच्या रंगाचं, मग कौलांच्या कडेनं लालसर. घरी येऊन जेवताना मला ताटातही तेच रंग दिसायचे. इतक्या मनापासून मी त्या नोकरीत कधी काही केलं नव्हतं.

मग एक दिवस आम्हाला पहिल्या भागाची कच्ची आवृत्ती दाखवली. मुलगी बोलत होती. सतत. दिसेल त्याचं वर्णन करत होती. शेळीही बोलत होती, आणि शेळीला विनोद दिले होते. दरीत काळी छत्री घेतलेला एक खलनायक आणला होता आणि पूर त्याच्या यंत्रामुळे आलेला होता. ते यंत्र फुटतं आणि पहिल्याच भागात सगळं पाणी झर्रकन निघून जातं.

परदेशातल्या मालिकावाल्यांशी झालेल्या पुढच्या व्हिडिओ कॉलवर मी, चाचरत का होईना, इंग्रजीत विचारलं की बांधावरचं बसणं थोडं तरी ठेवता येईल का, गेममध्ये लोकांना तेच आवडलं होतं. पलीकडची बाई फार गोड होती. किती सुंदर मुद्दा आहे, म्हणाली. तिनं तो लिहूनही घेतला. पुढे काहीच झालं नाही. कॉल संपल्यावर आमचे सुपरवायझर खुर्ची वळवून शांतपणे म्हणाले, "मॅडम, हमें पेंट करना है. सोचने के लिए वो लोग हैं." त्यात राग नव्हता. मला सांभाळून घेत होते ते, आणि तेच मला जास्त लागलं.

मालिका आली त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांसाठी ती लावली. समोसे मागवले होते. शेवटच्या नावांमध्ये आपलं नाव दिसलं की जो तो टाळ्या वाजवत होता. बांधाचा प्रसंग आला तेव्हा पुढे शेळी उड्या मारत स्वतःच्या दाढीवर विनोद करत होती, आणि मागे माझी संध्याकाळ मुद्दाम धूसर केलेली होती. नजर शेळीवर राहावी म्हणून. पापणी लवते न लवते तोच प्रसंग संपला. शेजारच्या मुलीनं विचारलं, "यार, तू रो रही है?" समोशातली मिरची, म्हटलं.

इंटरनेटवर लोकांनी मालिकेला धुऊन काढलं. ते सगळं वाचून मला बरं वाटायला हवं होतं, कारण माझ्याच मनातलं ते लिहीत होते. पण एकानं लिहिलं होतं की ही मालिका बनवणाऱ्यांपैकी एकानंही तो गेम हातात धरलेला नसणार. मेट्रोत उभ्या उभ्या मी त्याला उत्तर लिहिलं आणि मग पुसून टाकलं. मी त्या मालिकेत आहे हे सांगायची सोय नव्हती, आणि खरं तर सांगावंसंही वाटत नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझी ती मुनिरकातली मैत्रीण दिल्लीला आली. नवरा जिल्ह्यातल्या कुठल्याशा शिष्टमंडळात होता. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथीगृहात ते उतरले होते. मी रजा काढून भेटायला गेले. जाताना वाटेत मी माफीची वाक्यं जुळवत होते. बांधाबद्दल तिला शब्द दिला होता ना मी.

कँटीनमध्ये ती मुलीला घेऊन बसली होती. थोडी जाड झाली होती, पण हसणं तेच. मुलगी पहिलीतली. तिनं मला बघताच शेळीचा विनोद शेळीच्याच आवाजात म्हणून दाखवला. तिची आई खळखळून हसली.

"पाहिलंस तू?" मी विचारलं.

"अगं, रोज तेच चालू असतं घरी."

मी तिला सगळं सांगितलं. काय काढलं होतं, काय कापलं, कसं धूसर केलं. माझ्याकडे नसायला हवी होती ती चित्रंही फोनवर दाखवली. थालीपीठ खाता खाता तिनं एकेक सरकवून पाहिली आणि फोन परत दिला.

"छान काढलंयस," ती म्हणाली.

"ठेवायला हवं होतं गं ते."

"कशाला? बरं झालं पाणी एकदाचं घालवलं त्यांनी. आपण बसलो ना तिथं. मी इतकी वर्षं बसले. वर काय आलं?"

शाळेचं छप्पर, असं माझ्या तोंडून निघून गेलं.

"तो गेम होता," ती म्हणाली. "पाणी कधी उतरायचं ते त्यात कुणीतरी आधीच ठरवून ठेवलं होतं. माझ्याबाबतीत कुणी काही ठरवलेलं नव्हतं, आणि मला वाटत राहिलं की आहे. हिला मी असं बसायला शिकवणार नाही."

मला तिचा राग आला. जगात एक तरी माणूस माझ्यासारखा हळहळेल असं मी धरून चालले होते. म्हटलं, "मला वाटलं तुला तरी वाईट वाटेल."

"मला जे वाईट वाटायचं ते तेव्हाच वाटून झालं," ती म्हणाली आणि मुलीच्या तोंडाला लागलेलं दही पुसलं.

एवढ्यात तिचा नवरा आला. मला ताई म्हणून नमस्कार केला, घरी या म्हणाला. त्यांना इंडिया गेट बघायचं होतं. निघता निघता मुलीनं विचारलं, "मावशी, शेळी तू काढलीस?"

"नाही. तिच्या मागचं गवत मी काढलं."

"अच्छा," ती म्हणाली आणि आईचा हात धरून पुढे पळाली.

त्यानंतर आम्ही सणावारी एकमेकींना शुभेच्छा पाठवतो, त्याही कुणाकडून तरी आलेल्या, फुलांच्या आणि दिव्यांच्या. मी एकदा गेम उघडून पाहिला. मुलीला बसवलं. पण सगळा वेळ मी शेळी आता काहीतरी बोलेल म्हणून कान लावून होते. मग बंद केला.

मोठ्यांनी कितीही शिव्या घातल्या तरी मालिका मुलांना आवडली होती. दुसरा सीझन आमच्याकडेच आला. सुपरवायझरांनी विचारलं तेव्हा मी हो म्हटलं. या वेळी बराचसा भाग शहरात घडतो. उंच इमारती, जाहिराती, उजेडाने भरलेले रस्ते, सगळं सरळ रेघांचं, भराभर होणारं काम. ते लोक हवे ते रंग सांगतात, मी देते. गेल्या आठवड्यात त्या गोड बाईनं कॉलवर माझं खास कौतुक केलं. म्हणाली, आता तुम्हाला आमची मालिका अगदी बरोबर समजली आहे.