खाबुऱ्याच्या घरावर दिव्यांच्या ओळी

माझं कामच रोषणाईचं, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी दिवे लावायला मी सहसा जात नाही. पण मस्कतमधल्या अल् खुवैरच्या ऑफिसातले माझे वरिष्ठ, सालिमसाहेब, यांनी खाबुरा या त्यांच्या गावच्या घरातली छापचित्रं मोबाइलवर दाखवली आणि मी हो म्हणून बसले. अठराव्या शतकातल्या युरोपातल्या सरदारांच्या हवेल्या. राजपुत्र जन्मला म्हणून खिडकीखिडकीत दिवे. मुलीच्या लग्नात त्यांना आपलं घर तसं उजळायचं होतं.

शुक्रवारी सकाळी नवरा निखिल आणि मी शहरातल्या गाला भागातल्या वर्कशॉपमधून दिव्यांच्या माळा डिकीत भरल्या. बातिना एक्स्प्रेसवे मोकळा असतो, पण कॅमेरे जागोजागी आहेत, जपून चालवा. वाटेत दाट दुधाचा करक चहा घ्या, पोटभर खाऊ मात्र नका. पुढे यजमान हलवा आणि काहवा, म्हणजे बिनदुधाची कॉफी, थांबवत नाहीत.

चित्रं प्रत्यक्षात फारच देखणी. सगळीकडे काळी शाई आणि दिव्यांच्या जागी नुसता कोरा कागद.

घर बाहेरून पाहिलं आणि मी अडखळले. लांबलचक घर, मधोमध भिंत. पलीकडे सालिमसाहेबांचे धाकटे भाऊ खलफान. वाटणीनंतर कित्येक वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं. सालिमसाहेब म्हणाले, आपल्याच बाजूला लावा. मी म्हटलं, घर तुटल्यासारखं दिसेल, मी त्यांना विचारू का? ते आत गेले. मग एक चित्र भिंतीवरून काढून माझ्या हातात दिलं.

खलफान खजुरीच्या झाडांना पाणी सोडत होते. मी हिंदीत सगळं सांगितलं. त्यांनी चित्र उजेडात धरून निरखलं.

"त्याने पाठवलं तुला?"

"विचारायचं माझ्या मनात आलं. चित्र त्यांनी दिलं."

"मग त्याला सांग, चित्र न्यायला स्वतः ये."

निरोप ऐकून सालिमसाहेबांनी डोक्याला गुंडाळलेला मसर नीट केला आणि गेले. आत काय बोलणं झालं, ठाऊक नाही. बाहेर आले ते दोघं मिळून शिडी घेऊनच.

संध्याकाळी अख्खं घर उजळलं. शेजारपाजारचे रस्त्यावर उभे राहून बघत होते.

मस्कतला परतल्यावर फोटो पाहिले. दिवे ठीकच आलेत. माझ्या डोळ्यांसमोर राहिली ती दुपार: इतकी वर्षं न बोललेले दोन भाऊ माळ कुठून ओढायची यावरून शिडीपाशी कडाकडा भांडत होते, आणि घरातल्या कुणालाच ते थांबवायचं नव्हतं.