तळपायाची आग

वसमतच्या आठवडी बाजारात एक म्हातारेबुवा काशाच्या वाटीनं लोकांचे तळपाय घासत बसलेले असतात. एकदा त्यांनी माझाही पाय मांडीवर घेतला, तूप लावलं आणि अंगठ्याखाली असं दाबलं की मी ओरडलोच.

"डोकं लई गरम हाय तुमचं."

"अजिबात नाही!" मी खेकसलो. त्यांनी शांतपणे तिथंच पुन्हा दाबलं.

वाटी फिरत राहिली, तळवा काळा झाला. "बघा, उष्णता निघून राहिली." मला तर पेंगच आली.

एवढ्या वडीलधाऱ्या माणसानं आपले पाय धरावेत, याची लाज वाटून मी उठताना त्यांच्या पाया पडलो. बोटं लागताच बुवा टुणकन उडाले. वाटी गडगडत गेली.

"पायाला हात न्हाई लावायचा!" ते खिदळत म्हणाले. "मला लई गुदगुल्या होतेत!"