केसभर उंच

गॅरेज मेहुण्याचं होतं, पण गिऱ्हाईक यायचं ते मिस्त्रींच्या हातासाठी. काम संपलं की मिस्त्री डोळे मिटत, गाडीच्या अंगावरून दारापासून मागच्या दिव्यापर्यंत बोटं फिरवत आणि कुठेतरी थांबून म्हणत, "इथे केसभर उंच आहे." तिथे ते असायचंच. मेहुण्याने एकदा पट्टी लावून पाहिली होती. नंतर त्याने पट्टी लावणंच सोडून दिलं. तीस वर्षं हे असं चाललं होतं.

आता दातांच्या डॉक्टरांची छत उघडणारी स्पोर्ट्स गाडी आली होती. चारही चाकांवर फायबरची रुंद मडगार्डं बसवायची. त्यासाठी मूळचा पत्रा कापावा लागतो, आणि कापलेला पत्रा काही परत उगवत नाही. शिवाय पक्कं छत नसलेली गाडी जॅकवर घेतली की मधे लवते; म्हणून ती चाकांवर उभी ठेवून, दारं लावूनच मापं घ्यायची, हे मेहुण्याला मिस्त्रींनीच शिकवलं होतं.

तीन मडगार्डं बसली. चौथ्यावरून मिस्त्रींनी हात फिरवला. "पास."

मेहुण्याने सहज आपला तळवा टेकवला. दाराच्या कडेशी तो थबकला. "भावोजी, परत बघता का जरा?"

त्यांनी परत पाहिलं. बोटांखाली काहीच नव्हतं. उंचवटा नव्हता, पत्रा नव्हता, गार की गरम तेही कळेना. खाली वाकले तेव्हा दिसलं: मडगार्ड दारापेक्षा नाण्याच्या जाडीएवढं वर बसलं होतं. शेंबड्या पोराच्याही हाताला लागलं असतं.

"रात्री झोप झाली नाही नीट," ते म्हणाले.

"होतं असं," मेहुणा म्हणाला आणि हातातल्या पान्याकडे बघत राहिला.

सहा महिन्यांपासून हे होत होतं. जन्मभर ग्राइंडर धरलेली बोटं सकाळी पांढरीफटक पडायची, शर्टाची बटणं लागता लागत नसत. तेव्हापासून मिस्त्री डोळ्यांवर भागवत होते. रंगावर पडलेली ट्यूबलाइटची रेघ कुठे मोडते ते आधी चोरून बघून ठेवायचं, आणि मग डोळे मिटायचे. ही मडगार्डं मात्र अजून रंगाआधीच्या, बिनचकाकीच्या राखाडी प्रायमरमध्ये होती. त्यांच्यावर रेघ उमटतच नव्हती.

त्या संध्याकाळी घरी त्यांनी शेगडीवरचं पातेलं फडक्याशिवाय उचललं.

"अहो! चटका बसत नाही का?" बायको ओरडली. मग हसली. "का माझा स्वयंपाकच एवढा गार झालाय?"

तेही हसले. तिने त्यांची बोटं पाहिली आणि तिचं हसू गेलं. हात ओढून तिने नळाखाली धरला. पाणी वाहत होतं, ते त्यांना ऐकू येत होतं.

"दादाला सांगते मी."

"तुझ्या भावाला एक अक्षर सांगायचं नाही. मग मी तिथे कोण? पाहुणा?"

दुसऱ्या दिवशी ते पोचले तेव्हा चौथं मडगार्ड दाराशी एका पातळीत बसलेलं होतं. मेहुणा लवकर आला असणार. 

दुपारी डॉक्टर आले. "मिस्त्री, तुमचा हात फिरल्याशिवाय मी किल्ली घ्यायचो नाही हं! पेशंट मला घाबरतात, मी तुम्हांला घाबरतो."

मिस्त्रींनी डोळे मिटले. नुसतं 'पास' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण गिऱ्हाइकासमोर काही न सापडता त्यांनी आजवर कधी हात उचलला नव्हता. बोटं मागच्या दिव्याजवळ आली असावीत, अशा अंदाजाने ते थांबले.

"इथे. केसभर उंच."

मेहुण्याने त्याच जागी आपला तळवा फिरवला, सावकाश, दोनदा.

"हो भावोजी. आहे."

त्याने सहा स्क्रू सैल केले आणि तेच सहा स्क्रू परत आवळले. मधे मडगार्डाला बोटही लावलं नाही. मिस्त्री उघड्या डोळ्यांनी बघत होते.

"आता बघा."

मिस्त्रींनी हात फिरवला. "आता बरोबर."

"काय हात आहे हो!" डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. मिस्त्रींनी खाली पाहिलं, तेव्हा कुठे हात धरल्याचं त्यांना कळलं.