देवाच्या राईतली मोजणी

आमच्या मेव्हण्यांइतका डोक्याला ताप देणारा सज्जन माणूस अख्ख्या गेवराई तालुक्यात दुसरा झाला नाही. मी निजामी अमलातल्या पैमाईशच्या, म्हणजे जमीनमोजणीच्या, कचेरीत नोकरीला. न मोजता बोलत नाही. सतरा वर्षं, पोळा झाला की पहिल्याच शुक्रवारी, त्या दिवशी कचेरीला आठवड्याची सुट्टी म्हणून, ते पहाटे दारात उभे राहत. "दाजी, उठा. रोपं मोजायची हाईत."

चकलांब्याच्या वाटेवर देवाची जुनी राई आहे. तिथली फांदी कुणी तोडत नाही. लोक वर झाडांकडे बघून हात जोडायचे, मेव्हणे खाली बघून चिडायचे. नेसतं धोतर सोडायचं, त्याचा पीळ करून खुणेच्या चार दगडांभोवती चौकोन आखायचा आणि लंगोटावर उकिडवं बसून आत किती जातींची रोपं आहेत ते सांगायचं. लिहायचं मी. एकदा शतावरी चुकून दोनदा लिहिली, तर दोन महिने आमच्याकडे पाणीसुद्धा प्याले नाहीत. पहिल्या वर्षी जाती एकोणीस होत्या. मग रानहळद गेली, मुसळी गेली, टाकळा तेवढा माजला. चौदाव्या वर्षी अकरा.

कारण त्यांनीच शोधलं. दसऱ्याच्या जत्रेआधी गाव राई झाडतो. झाड तोडणं पाप, पण खालचं सगळं उपटून जमीन लख्ख करणं ही सेवा. मेव्हणे मला घेऊन पाटलांकडे गेले.

"म्हातारी झाडं पडली तर त्यांच्या जागी खालून कोन उठंल? तुमी?"

पाटलांनी मला विचारलं, "मोठी झाडं किती कमी झाली?"

"एकही नाही," मी म्हणालो. खरं तेच होतं.

"मंग कामून बोंबलतो रे?" पाटील मेव्हण्यांना म्हणाले. परतताना मेव्हणे वाटभर माझ्यावरच उखडले होते.

त्या वर्षी झाडणीच्या दिवशी ते चौकोनात जाऊन बसले.

"उठा की ओ मामा, केर काढू द्या!" झाडणाऱ्या बायका म्हणाल्या.

"माझ्यावरून काढा."

बायकांनी हसत त्यांच्या भोवतीनं झाडलं. अशी चार वर्षं ते दिवसभर बसले. आकडा अकराच राहिला. मी लाजेनं झाडाआड उभा राहायचो.

गेल्या माघात ते गेले. यंदा झाडणीला मी एकटाच गेलो. बायकांनी सगळी राई झाडली होती, चौकोन तेवढा सोडून. मी एकीला कारण विचारलं. "मामा बसायचे न्हवं तिथं," ती म्हणाली आणि पुढे झाडायला लागली.

मी मोजलं. दोनदा मोजलं. बारा. बारावं रोप दोन पानांचं, कोवळं. ते कोणतं हे मला ओळखता आलं नाही. नावाची जागा कोरीच ठेवली आहे.