हातातल्या चपला

अगं पोरी, इकडे लक्ष दे जरा. वकील झालीस आणि आजीकडे फिरकायचं विसरलीस! नुसतं फोनवर सांगतेस, "आजी, आता कायदा आहे, कुणी कमी लेखलं तर आत जातो." खरं आहे बाई तुझं.

पण काल दुपारी रेशन आणायला निघाले, तर पुढे आपल्या वस्तीतली सोना चाललेली, माझ्याच वयाची. पाटलाच्या आळीचं वळण आलं तशी ती वाकली, चपला काढून हातात घेतल्या आणि खाली मान घालून भरभर निघाली. आमच्या लहानपणी आपल्या माणसांनी पाटलाच्या ओट्यापुढून चपला घालून जायचं नाही, असा दंडकच होता. आता ना तो ओटा, ना तो पाटील. त्याची नातसून तिथं मोबाइलचं दुकान चालवते. तिला बिचारीला यातलं काही ठाऊक नाही. तिनं हाक मारली, "अहो आजी, चपला हातात कशाला? पाय भाजतील की!"

मला सोनाचं हसू आलं. म्हटलं, "अगं सोने, कुणाला भितेस? मेली ना ती माणसं!"

पण दुकानातली बाई माझ्याकडे बघत होती. खाली पाहते तर माझेच पाय अनवाणी. चपला कधी काढल्या, खरंच सांगते, कळलंच नाही.

ओटा पाडला गं, पण माझ्या तळपायाखाली तो अजून आहे.

लवकर ये. तुझे ते टक् टक् वाजणारे बूट घालून ये. आपण दोघी त्या वळणावरून जाऊ, आणि मी वाकायला लागले की माझा दंड घट्ट धर.