बारशाच्या दिवशी आमचा संगणक

आमच्या घरी त्या दिवशी एकच आरती लागोपाठ वाजत राहिली, आणि तिचा भक्तीशी काडीचाही संबंध नव्हता.

नंदुरबारला माझ्या मेव्हण्याच्या मुलाचं बारसं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझ्या बायकोचा, सुनंदाचा. पण तिचा पाय प्लास्टरमध्ये! बमरोलीच्या आमच्या घरातून हलणार कशी? फोनची काच तडकलेली, त्यात बाळ दिसणार काय?

"मोठ्या पडद्यावर दाखवतो की!" मी म्हणालो. (मिलच्या ऑफिसात संगणकावर बिलं काढतो, म्हणून घरात मी तज्ज्ञ.)

जुन्या संगणकात मी हौसेने लिनक्स ही फुकटची प्रणाली घातली होती. पासवर्ड दिल्यावर काय काय सुरू व्हावं, ते त्यात एका फाइलीत लिहून ठेवता येतं. मी लिहिलं, आधी गणपतीची आरती, मग डेस्कटॉप, म्हणजे कामाचा नेहमीचा पडदा. चालवून पाहिलं? छे! तज्ज्ञ कशाला पाहतील?

ऐन वेळी पासवर्ड दिला. आरती दणक्यात सुरू झाली. पडदा मात्र काळाकुट्ट.

"अहो, बाळ कुठंय?"

"आरती संपू दे."

आरती संपली आणि पुन्हा सुरू झाली. ती फिरून फिरून वाजावी, अशी सोय मीच केली होती! माझे वडील हात जोडून उभे, गुडघे थरथरताहेत.

"बापू, बसा ना!"

"आरती चालू शे ना भाऊ, कसा बठू?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आरतीच्या ओळीशेवटी '&' ही खूण राहिली होती. ती नसली, की पहिलं काम संपेपर्यंत संगणक पुढचं काम हातात घेतच नाही. आणि आरती तर संपणारच नव्हती!

बटण दाबून संगणक बंद केला. बापू हुश्श करून बसले. पुन्हा चालू करून, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं आणून मी ती ओळ पुसली. घाईत खालचीही पुसली गेली. ती डेस्कटॉपची होती.

आता पासवर्ड दिला, की पडदा लुकलुकायचा आणि पुन्हा पासवर्डच मागायचा.

"चुकीचा टाकताय का?"

"बरोबर आहे. म्हणून तर आत घेतो."

"मग?"

"आत काहीच नाही, म्हणून बाहेर सोडतो."

सुनंदाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती लग्नाला कितीही वर्षं झाली तरी सवयीची होत नाही. एवढ्यात मेव्हण्याचा फोन आला. "ताई, बाळ झोपाय लागलं. किती वेळ?"

"फोन त्याच्या कानाशी धर," ती म्हणाली. मग अगदी हळू, "कुर्रर्र... वेदांत." तिकडे टाळ्या वाजल्या. हिने डोळ्यांना पदर लावला. मी मागे थकून पासवर्डच टाकत होतो.

बाळाला त्या दिवशी एकच नाव ठेवलं. मला मात्र घरातली सगळी अजून नावं ठेवताहेत!