कुड्याला आवतन

सत्तरचं दशक संपत आलं होतं. पुराच्या ड्युटीवर आमचा सेक्शन, फौजेची छोटी तुकडी, लाखांदूरजवळच्या एका शाळेत उतरला. मी हवालदार, आंबागडचा. नाईक सदाशिव कारध्याचा, वैनगंगेवर मासे धरणाऱ्या ढीवर घरातला. त्याची माय नदीकाठच्या झाडपाल्यानं गावाला औषध द्यायची. त्यालाही त्यातलं कळायचं.

चार दिवस आम्ही माणसं बाहेर काढली. पाचव्या दिवशी सदाशिवला रक्ताची हगवण लागली. दुपारी दोनला मी वायरलेसवर होतो.

"डॉक्टर आजच हवा. ओव्हर."

"बोट उद्या सकाळी. ओव्हर."

"निदान औषधं आज पाठवा. ओव्हर."

"वेट. आऊट."

थांबा म्हणून त्यांनी बोलणं तोडलं, औषधं आलीच नाहीत. ते 'वेट' मी अजून माफ केलेलं नाही.

साडेपाचला सदाशिव म्हणाला, "दादा, पांढऱ्या कुड्याची साल पाहिजे. आज झाडाले आवतन द्या. बुडाशी तांदूळ ठेवा, कोनासाठी पाहिजे ते सांगा. साल उद्या काढा."

"आवतन? लगन आहे काय झाडाचं?"

"माय तसंच करते."

"उद्यापर्यंत टिकशील काय तू?"

"उजेड जाऊन राहिला, दादा."

"बरं, तांदूळ ठेवतो. पण साल आजच."

घासाघिशीत मला कोणी हरवलं नव्हतं. तोही हरला.

मुसळधार पावसात, बांधावरच्या पहिल्याच कुड्याची साल मी संगिनीनं सोलली. काढा उकळला. त्यानं घोट घेतला.

"कडू कमी लागते, दादा."

"पी मुकाट्यानं!"

त्यानं पेला संपवला.

पहाटे साडेचारला तो गेला. बोट नऊला आली. रिपोर्टात अतिसार लिहिलं, बोटीचा उशीर लिहिला नाही. त्याबद्दलच्या माझ्या तीन पत्रांना उत्तर आलं नाही.

त्याची ट्रंक घेऊन मी कारध्याला गेलो. माझं ऐकून माय मला नदीकाठी घेऊन गेली.

"हा पांढरा कुडा, शेंगा सुट्या. हा काळा, शेंगा टोकाले जुळल्या. काळ्याच्या सालीत गुन नाही. म्हनून आदल्या दिवशी उजेडात आवतन द्याचं, बापू. झाड पाहून ठेवाले." मग तिनं विचारलं, "पांढऱ्याची साल जहर कडू असते. कडू म्हनला काय सदा?"

मी म्हणालो, "हो."

"मंग पांढराच असन," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

माय आता नाही. दर पावसाळ्यात मी कारध्याला जातो. उजेडात शेंगा पाहतो, पांढऱ्या कुड्याच्या बुडाशी तांदूळ ठेवतो, नाईक सदाशिवचं नाव घेतो. साल काढत नाही.